वाचकांचे प्रश्न : व्यंजने मोजताना

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात 'मराठीत सुमारे ३८ व्यंजने आहेत' असे एक वाक्य मी लिहून गेलो. मूळ प्रश्न बाजूला राहिला आणि पत्रे आली ती सगळी ह्या एका वाक्यावर. म्हणून ह्या वेळी सर्व प्रश्न व्यंजनांवरचेच घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही शाळेत ३४ व्यंजने शिकलो. 'क्ष' आणि 'ज्ञ' धरले तरी ३६ होतात. आपण ३८ कोठून आणलीत?

उत्तर : तुमची ३४ ही अक्षरांची मोजणी आहे आणि माझी ३८ ही ध्वनींची. 'क' पासून 'म' पर्यंत २५ आणि य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ ही ९, असे तुमचे गणित बिनचूक आहे. आता हीच यादी डोळे मिटून, नुसत्या कानाने तपासू.

पहिल्यांदा 'ष' गळतो. संस्कृत पठणाची सवय असलेले लोक सोडले, तर 'षटकोन' आणि 'शहर' ह्यांच्या आरंभीच्या व्यंजनांत आज फारसे कोणी फरक करत नाही. त्यानंतर 'ङ' आणि 'ञ'. 'पंख' म्हणताना अनुस्वाराच्या जागी 'ङ' उच्चारला जातो आणि 'पंच' म्हणताना 'ञ'. पण ते पुढच्या व्यंजनाच्या ओढीने आपोआप होते. 'म' च्या जागी 'न' घातला की 'मळ' चा 'नळ' होतो, तसा निव्वळ 'ङ' घालून अर्थ बदलला आहे, असा मराठी शब्द दाखवता येत नाही. 'वाङ्मय' मध्ये तो दिसतो खरा, पण तेथेही मूळच्या 'वाक्' मधल्या 'क्' ला पुढच्या 'म' मुळे आलेले ते रूप आहे. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही तर जोडाक्षरेच. 'ज्ञ' मध्ये मराठी माणूस 'द्', 'न्', 'य्' हे तीन ध्वनी उच्चारतो, हिंदी भाषक त्याच अक्षराचा 'ग्य' करतो. म्हणजे हातात राहिली ३१.

आता भर घालू. 'हे जग मोठे आहे' आणि 'शंभर वर्षे जग' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. लिहिताना 'जग' एकच, पण पहिल्या 'ज' ला जीभ टाळूला रुंद चिकटते आणि दुसऱ्या 'ज' ला तिचे टोक दातांच्या मुळाशी जाते. हा एवढा फरक शब्दाचा अर्थ बदलण्यास पुरतो, म्हणून भाषाशास्त्र हे दोन 'ज' दोन वेगळे स्वनिम मानते. अर्थभेद करू शकणारा ध्वनी तो स्वनिम, इतकी व्याख्या येथे पुरे. हीच गोष्ट 'चेहरा' आणि 'चोर' ह्यांतल्या 'च' ची, 'झेंडा' आणि 'झाड' ह्यांतल्या 'झ' ची. ('माझा' मधला दंततालव्य, म्हणजे दातांच्या मुळाशी काढलेला 'झ' हा 'माझी' म्हणताच तालव्य, म्हणजे टाळूचा होतो. म्हणजे काही ठिकाणी हा भेदही शेजारच्या स्वरावर ठरतो, सगळीकडे नाही.) ही तीन मिळवली की गंमत अशी की बेरीज पुन्हा ३४ वर येते, फक्त ही ३४ शाळेतली ती ३४ नव्हेत.

राहिले 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' आणि 'व्ह', म्हणजे 'म्हातारा', 'पुन्हा', 'कोल्हा' आणि 'नव्हे' ह्यांतले. लिहिण्यात ती जोडाक्षरे आहेत, पण वृत्तात कविता लिहिणाऱ्यांचा कान वेगळे सांगतो. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला की ते गुरू होते, हा नेहमीचा नियम. तरी 'पुन्हा' मधला 'पु' किंवा 'तुम्ही' मधला 'तु' लघूच राहतो. उलट 'चिन्ह' मधला 'चि' गुरू होतो, कारण तेथे आपण 'चिन्न्ह' असा उच्चार करतो. म्हणजे 'पुन्हा' मधला 'न्ह' एका व्यंजनासारखा वागतो, जसा 'ब' ला श्वासाची जोड मिळून झालेला 'भ' एक आहे तसा. हे चार मिळवले आणि ३८ झाली. ज्यांना 'म्ह' हे दोन ध्वनी वाटतात त्यांनी ३४ वर थांबावे. मी त्यांच्याशी भांडणार नाही, फक्त त्यांच्यासमोर वृत्तातली एखादी ओळ ठेवीन.

प्रश्न : जगात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्यंजने कोणत्या भाषांत आहेत? मराठीचा क्रमांक कितवा?

उत्तर : क्रमांक लावण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे, त्याचे कारण ह्याच उत्तरात पुढे येईल. तरी अंदाजासाठी इयन मॅडिसन ह्या ध्वनिशास्त्रज्ञाची पाहणी उपयोगी पडते. साडेपाचशेहून अधिक भाषांच्या त्या पाहणीत व्यंजनांची संख्या ६ पासून १२२ पर्यंत पसरलेली आढळली आणि सरासरी २३ च्या किंचित खाली आली. ज्या भाषांत ३४ किंवा अधिक व्यंजने आहेत त्यांना तेथे 'मोठ्या' गटात टाकले आहे, म्हणजे मराठी नेमकी त्या गटाच्या उंबरठ्यावर उभी आहे.

सहा व्यंजनांची भाषा म्हणजे पापुआ न्यू गिनीच्या बोगनव्हिल बेटावरील रोटोकास. तिच्या मध्य बोलीत अर्थभेद करणारे एकही अनुनासिक व्यंजन नाही, ना 'म' ना 'न'. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या एका वर्णनात एक मजेदार नोंद आहे : 'म' आणि 'न' हे ध्वनी तेथे क्वचित ऐकू येतात, आणि तेही परका माणूस रोटोकास कशी मोडकीतोडकी बोलतो त्याची नक्कल करताना. म्हणजे तोंडाला ते ध्वनी जमत नाहीत असे मुळीच नाही, भाषेला त्यांची गरज नाही इतकेच. शेजारच्या ऐटा बोलीत मात्र अनुनासिके आहेत आणि तेथली व्यंजने ९ भरतात.

हवाईयन भाषेत ८ व्यंजने आहेत आणि ती कशी घटत गेली हे तिच्या बहिणींकडे पाहून कळते. न्यूझीलंडमधल्या माओरी भाषेत 'निषिद्ध' ह्या अर्थी 'तापु' म्हणतात, हवाईयनमध्ये 'कापु'. मूळच्या 'त' चा तेथे 'क' झाला. मग मूळच्या 'क' चे काय झाले? तो घशात गेला. माओरीतला 'इका', म्हणजे मासा, हवाईयनमध्ये 'इ' आणि 'आ' ह्यांच्या मध्ये श्वास क्षणभर अडवून म्हटला जातो. ही अडवणूक हेच तेथे एक व्यंजन आहे. 'कोउ' म्हणजे तुझे. त्याच शब्दात 'को' आणि 'उ' ह्यांच्या मध्ये घसा क्षणभर मिटला की अर्थ होतो 'माझे'. हवाईयनमध्ये 'स' नाही, 'र' नाही आणि प्रत्येक अक्षर स्वरानेच संपले पाहिजे असा दंडक आहे, म्हणून 'ख्रिसमस' हा शब्द तेथे 'कलिकिमका' होऊन बसला. 'र' च्या जागी 'ल' आला आणि दोन्ही 'स' च्या जागी 'क', इतके लक्षात घेतले की त्याचा माग लागतो.

दुसऱ्या टोकाला उबिख ही भाषा होती. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या सोचीच्या परिसरात, ती बोलली जाई. १८६४ मध्ये रशियन विजयानंतर हे लोक तुर्कस्तानात गेले आणि तेव्फिक एसेंच हे तिचे शेवटचे अस्खलित भाषक १९९२ मध्ये वारले. उबिखमध्ये व्यंजने ८४ आणि स्वर अवघे २. हे दोन आकडे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. 'का' आणि 'कू' ह्यांत आपण फरक करतो तो स्वराचा. 'कू' म्हणताना ओठांचा चंबू होतो तो आपल्या लेखी 'ऊ' चा गुण. उबिखमध्ये ओठांचा चंबू, जिभेचा टाळूकडे होणारा उठाव आणि घशाचा आवळ हे सारे गुण व्यंजनाच्याच खात्यावर मांडले आहेत. साधा 'क' वेगळा, चंबू केलेला 'क' वेगळा, टाळूकडे झुकलेला 'क' वेगळा, आणि ह्या प्रत्येकाचा स्वरयंत्र वर उचलून झटक्याने सोडलेला जोडीदार निराळा. स्वराचे काम व्यंजनांनीच उचलले की स्वरांना करण्यासारखे फार उरत नाही.

आणि आता क्रमांक का लावू नये ते. बोट्सवाना आणि नामिबियात बोलल्या जाणाऱ्या ता ह्या भाषेची व्यंजने काही अभ्यासक साठाच्या आत मोजतात, काही ८० च्या वर, काही शंभराच्याही पलीकडे. भाषा तीच, बोलणारे तेच. वाद इतकाच आहे की तेथे जिभेच्या चटक्याला (हळहळताना आपण 'च्च्' करतो तशा ध्वनीला; शेवटच्या प्रश्नात तो पुन्हा येईल) लागून येणारा दुसरा ध्वनी त्याच व्यंजनाचा भाग मानायचा की ते जोडाक्षर समजायचे. आपला 'म्ह' एक की दोन हाच प्रश्न तेथे डझनावारी ध्वनींबाबत उभा राहतो, आणि प्रत्येक निर्णयागणिक बेरीज बदलते.

प्रश्न : तमिळ लिपीत क, ख, ग, घ ह्या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. मग वाचताना घोटाळा होत नाही का?

उत्तर : अस्सल तमिळ शब्दांत होत नाही, कारण उच्चार जागेवरून ठरतो. शब्दाच्या आरंभी किंवा द्वित्तात 'क' आणि दोन स्वरांच्या मध्ये किंवा अनुनासिकानंतर 'ग'. 'पक्कम्' म्हणजे बाजू, 'पगल' म्हणजे दिवस, 'तंगम्' म्हणजे सोने. तिन्ही ठिकाणी अक्षर एकच आहे. घोटाळा होतो तो बाहेरून आलेल्या शब्दांत, आणि तेथे उच्चार आधी ठाऊक असावा लागतो. आपल्या 'जग' शी ताडून पाहावे. आपल्याकडे ध्वनी दोन असून अक्षर एक, तमिळमध्ये स्वनिमच एक म्हणून अक्षर एक. तमिळ लिपी ह्या बाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक म्हणावी लागेल. शिवाय जेथे आपण सरसकट 'ळ' लिहितो तेथे तमिळ दोन निरनिराळे ध्वनी राखते. तलवार आणि 'जग' ही आज्ञा ह्या दोन्हींसाठी देवनागरीत 'वाळ्' असेच लिहावे लागेल, पण तमिळ कानाला ते दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत. 'तमिळ' ह्या नावाच्या शेवटी असलेला ध्वनी ह्यांपैकी दुसरा, जीभ मागे वळवून पण टाळूला न टेकवता काढलेला.

प्रश्न : मी एका इंग्रजी भाषक विद्यार्थ्याला मराठी शिकवते. 'वात' आणि 'वाट' ह्यांतला फरक त्याला म्हणता तर येत नाहीच, ऐकूही येत नाही. हा त्याच्या कानाचा दोष आहे का?

उत्तर : कान उत्तम असणार. त्याच्या मेंदूने फार लवकर एक निवड करून टाकली आहे, इतकेच. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्या कॅनडातील संशोधकांनी नेमका हाच फरक तपासला होता, हिंदीतला दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट'. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना एकच ध्वनी पुन्हापुन्हा ऐकवायचा आणि मध्येच तो बदलायचा. बदल ओळखून बाळाने मान वळवली की एक खेळणे उजळते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा बदल चांगला ओळखू येत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ती क्षमता बरीच ओसरलेली दिसली. तुमच्या विद्यार्थ्याने पहिला वाढदिवस होण्याआधीच 'त' आणि 'ट' एका खणात टाकले आहेत.

त्या खणाचे स्थानही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत ह्या जागी जो ध्वनी आहे तो ना आपला 'त' ना आपला 'ट'. त्यासाठी जीभ दातांच्या मागच्या हिरडीला लागते. आपण तो 'ट' असा ऐकतो आणि 'टेबल' लिहितो, पण इंग्रजी भाषकाला आपल्या 'टेबल' मधला 'ट' जरा खोलवरून आलेला वाटतो. आणखी एक अडचण आहे. शब्दाच्या आरंभी तो ध्वनी त्याच्या तोंडून श्वासासकट बाहेर पडतो. ओठांसमोर कागदाची अरुंद पट्टी धरून त्याला त्याच्या भाषेतला 'प' पासून सुरू होणारा एखादा शब्द म्हणायला सांगा, पट्टी हलेल. आपल्या 'पान' ला ती जवळजवळ स्थिर राहते आणि ओठ मिटून म्हटलेल्या 'फळ' ला उडते. (हल्ली बरेच मराठी तरुण 'फळ' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवतात. त्यांच्यावर हा प्रयोग करू नये, फसेल.) त्यामुळे त्याला त-ट ची अडचण सुटल्यावर त-थ ची येणार, ह्याची तयारी ठेवावी.

उपाय आहे. जपानी भाषकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू यावेत म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रशिक्षण-प्रयोगात एकाच आवाजाऐवजी अनेक बोलणाऱ्यांचे आवाज आणि अनेक शब्द वापरले, आणि प्रौढांची कामगिरी सुधारली. तेव्हा तुमचा एकटीचा आवाज पुरा पडणार नाही. चार-पाच जणांकडून 'वात-वाट', 'पात-पाट', 'ताक-टाक' अशा जोड्या मुद्रित करून घ्याव्यात आणि त्याने आधी नुसते ओळखावे. म्हणण्याचा आग्रह नंतर.

प्रश्न : अरबीत 'प' का नाही? इतका सोपा ध्वनी, तान्ह्या बाळालाही जमणारा!

उत्तर : एके काळी तो होता. अरबीच्या पूर्वज भाषेतला 'प' अरबीत येईतो 'फ' झाला, घर्षणाचा, दात ओठावर टेकवून काढण्याचा. म्हणूनच ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो अरबीत 'अफलातून' झाला आणि तेथून आपल्याकडे विशेषण म्हणून आला. पार्स ह्या प्रांतनामाचे अरबी वळणाने 'फार्स' झाले, त्यावरून 'फारसी'. आपण 'पारशी' आणि 'फारसी' हे दोन्ही शब्द वापरतो, ते ह्या एका ध्वनिबदलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे. आज 'पाकिस्तान' चा अरबी उच्चार 'बाकिस्तान' असा होतो. फारसीला 'प' हवा होता, म्हणून अरबी लिपी स्वीकारताना तिने प, च, ग आणि घर्षणाचा 'झ' ह्यांसाठी चार अक्षरे वाढवली.

ह्या यादीतला 'ग' लक्षात घ्यावा. प्रमाण अरबीत 'ग' देखील नाही. हिब्रूत उंटाला 'गामाल' म्हणतात, अरबीत 'जमल'. तेथला 'ग' टाळूकडे सरकून 'ज' झाला. 'प' आणि 'ग' हे दोघेच गळावेत हा योगायोग नव्हे. थाई भाषेत 'ब' आणि 'द' आहेत, 'ग' नाही. डच भाषेतही तेच, तिच्या लेखनातला 'ग' हा घशात खरवडून काढायचा ध्वनी आहे. कारण हवेचे आहे. घोष व्यंजनासाठी स्वरतंतू थरथरत राहायला हवेत, आणि त्यासाठी खालून वर हवा वाहत राहायला हवी. 'ब' म्हणताना तोंड पुढे ओठांशी बंद असते, मागे गालांसकट प्रशस्त पोकळी असते, हवेला शिरायला जागा मिळते. 'ग' म्हणताना जिभेचा मागचा भाग पडजिभेजवळ टेकतो आणि त्याच्यामागे जेमतेम घशाएवढी जागा उरते. ती लगेच भरते, दाब सारखा होतो आणि थरथर थांबते. 'प' ची तऱ्हा उलटी. ओठ उघडताना होणारा त्याचा स्फोट क्षीण असतो, 'त' किंवा 'क' इतका ठसठशीत ऐकू येत नाही, म्हणून तो घसरून 'फ' होण्याचा संभव अधिक. सिंधीने घोष व्यंजनांच्या ह्या अडचणीवर वेगळीच युक्ती केली आहे. तेथे चार व्यंजने अशी आहेत की ती उच्चारताना स्वरयंत्रच खाली ओढले जाते, पोकळी वाढते आणि हवा आत खेचल्यासारखी होते.

प्रश्न : आफ्रिकेतल्या काही भाषांत जिभेचे चटके म्हणजे व्यंजने असतात, हे खरे का? आपल्याला ती काढता येतील का?

उत्तर : खरे आहे, आणि तुम्ही ती रोज काढता. हळहळ व्यक्त करताना आपण 'च्च्, च्च्' असे लिहितो, पण तोंडातून येतो तो 'च' नसतोच. जिभेचे टोक वरच्या दातांमागे चिकटते, मागचा भाग टाळूला चिकटतो, मधली जीभ खाली ओढली जाऊन तेथली हवा विरळ होते आणि टोक सोडताच बाहेरची हवा आत घुसते. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा आणि झुलू भाषांत हे नित्याचे व्यंजन आहे. त्याच्या जोडीला घोड्याला हाकताना गालाच्या बाजूने काढतात तसा एक चटका आहे आणि बाटलीचे बूच उडाल्यासारखा आणखी एक. 'खोसा' ह्या नावाच्या आरंभी मुळात गालाकडचाच चटका आहे, आपण त्याचा बिचारा 'ख' करून टाकला. हे ध्वनी त्या भाषांनी शेजारच्या खोइसान भाषांकडून उचलले. सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावातली अक्षरे सुनेने उच्चारू नयेत अशी चाल खोसा आणि झुलू समाजांत होती, आणि अशा अक्षरांना पर्याय म्हणून चटक्यांचे परके ध्वनी आत आले, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

करून पाहायचे असेल तर असे करावे. ह्या ध्वनीला फुप्फुसातली हवा लागत नाही, म्हणून चटका काढताना श्वास मोकळाच असतो. तोंड किंचित उघडे ठेवून 'पंख' मधला अनुस्वार लांबवत नाकाने गुणगुणत राहावे, आणि गुणगुणणे न थांबवता 'च्च्' करावे. पहिल्या उत्तरात यादीतून काढून टाकलेला 'ङ' येथे कामी येतो : त्याच्यावर चढलेला हा चटका खोसामध्ये स्वतंत्र सानुनासिक व्यंजन म्हणून मोजला जातो.